विमानतळावरील झडतीने प्रवास सुरक्षित होतो काय?

कमरेचा पट्टा उतरवा, पाण्याची बाटली रिकामी करा, पिशवी क्ष-किरण यंत्रातून सरकवा. विमानप्रवासास निघालेल्या प्रत्येकाला हे सोपस्कार पार पाडावेच लागतात. या खटाटोपाने प्रवास खरोखर सुरक्षित होतो काय, असा प्रश्न अनेकांच्या मनात येतो. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर घडलेल्या घटनांच्या आधारे शोधले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

झडती निरर्थक मानणाऱ्यांनी १९६८ ते १९७२ हा काळ आठवावा. त्या पाच वर्षांत एकट्या अमेरिकेत विमान-अपहरणाचे शंभराहून अधिक प्रयत्न झाले. जानेवारी १९७३ पासून तेथे प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली आणि अपहरणांची संख्या झपाट्याने घसरली. त्याच वर्षी क्युबाशी झालेल्या कराराचाही त्यास हातभार लागला. आपल्याकडे जानेवारी १९७१ मध्ये श्रीनगरहून निघालेले 'गंगा' विमान लाहोरला पळवून नेणाऱ्यांना खऱ्या शस्त्रांची गरजही भासली नव्हती. नकली पिस्तूल आणि लाकडी हातबॉम्ब एवढ्यावर त्यांचे काम भागले.

तथापि झडती ही अभेद्य तटबंदी नव्हे. ११ सप्टेंबर २००१ चे १९ अपहरणकर्ते तपासणी पार करूनच विमानांत चढले होते; चार इंचांहून लहान पात्याच्या सुरीला तेव्हा मनाई नव्हती. २०१५ मध्ये उघड झालेल्या अमेरिकी सरकारच्या गुप्त चाचण्यांत नकली शस्त्रे व स्फोटके ७० पैकी ६७ वेळा कोणाच्याही लक्षात न येता पार झाली. द्रवरूप स्फोटकांनी विमाने उडवण्याचा २००६ चा कट ब्रिटिश पोलीस व गुप्तचरांनी पाळत ठेवून उधळला. शंभर मिलिलिटरचा नियम त्यानंतर आला.

या संदर्भात 'कनिष्क'ची आठवण अपरिहार्य आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाच्या या विमानात आयर्लंडनजीक स्फोट झाला आणि ३२९ जण प्राणास मुकले. बॉम्ब असलेली बॅग व्हँकुव्हरला सामानात दाखल झाली होती. ती देणारा प्रवासी मात्र विमानात चढलाच नाही. टोरांटोला क्ष-किरण यंत्र बंद पडले, तेव्हा उरलेले सामान हातातील उपकरणाने तपासून पुढे पाठवण्यात आले. प्रवासी आणि सामान यांचा मेळ घातला गेला असता, तर ती बेवारस बॅग उघडकीस आली असती. यंत्राने दगा दिला आणि त्यामागे दुसरी भिंत उभी नव्हती.

हाच या प्रश्नाचा गाभा आहे. झडती ही अनेक भिंतींपैकी एक. सामानाचा मेळ, गुप्तवार्ता, कॉकपिटचा भक्कम दरवाजा, सावध कर्मचारी व सहप्रवासी या बाकीच्या. त्यातही एकेका उपायाला त्याची मर्यादा असते. मार्च २०१५ मध्ये जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने तोच भक्कम दरवाजा आतून बंद करून विमान डोंगरावर आदळले आणि १५० जणांचा बळी गेला.

म्हणून नियम एकदा केला की तो कायमचा, ही वृत्ती सोडावी लागेल. अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये बूट उतरवण्याची सरसकट सक्ती मागे घेतली. आपल्याकडेही प्रत्येक नियमाची वेळोवेळी परीक्षा व्हावी, तपासणाऱ्या जवानांना पुरेशी विश्रांती मिळावी आणि झडतीतून सूट हा मानाचा विषय ठरू नये. रांगेतील त्रास आपण सोसू. मात्र त्या बदल्यात खरी सुरक्षा मागण्याचा आपला हक्क आहे.