पैलतीरावरचा दिवाणखाना

राजकीय साप्ताहिकाने एखाद्या विनोदी दूरचित्रवाणी मालिकेची दखल घ्यावी काय, अशी शंका काही कार्यकर्त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. पण ज्या समाजाचा घरसंसार स्थलांतराच्या पैशावर उभा राहिला, तो समाज स्वतःला कसा हसतो हे पाहिल्याखेरीज त्याचे अर्थशास्त्र पुरतेपणी कळत नाही. आकडेवारी रकमा सांगते. त्या रकमा घरात आल्यावर कोणाचा आवाज चढतो आणि कोणाचा बसतो, हे मात्र प्रहसनच सांगू शकते. ‘अक्कर काळ्चकळ’ ही मल्याळी मालिका आणि तिच्यावरून २०११ साली निघालेला चित्रपट यांचे महत्त्व या दृष्टीने आहे.

‘अक्कर’ म्हणजे पैलतीर आणि ‘काळ्चकळ’ म्हणजे दृश्ये. ऐलतीरावर उभे राहिले की पैलतीर हिरवा दिसतो, अशी मल्याळीत म्हण आहे. दुरून डोंगर साजरे, असे मराठी माणूस म्हणतो. २००८ ते २०१० या काळात कैरळी वाहिनीवरून ही मालिका दाखविली गेली. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात राहणाऱ्या एका मल्याळी कुटुंबाचे दैनंदिन जीवन हा तिचा विषय. घरधनी जॉर्ज तेक्किनमूट्टिल हा विमा प्रतिनिधी. त्याची पत्नी रिन्सी परिचारिका. जॉर्जचे वृद्ध वडील, म्हणजे अप्पच्चन, आणि दोन मुले. अजयन वेणुगोपालन यांचे लेखन व अबी वर्गीस यांचे दिग्दर्शन. जोसेकुट्टी वलियकल्लुंकल आणि सजिनी यांनी नवरा-बायकोच्या भूमिका केल्या. कलावंतांपैकी बहुतेक हौशी होते आणि आपापली नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी काम करीत. परदेशातील कष्टकऱ्यांनी स्वतःविषयी, स्वतःच्या फावल्या वेळात उभे केलेले हे नाट्य होते.

ही गोष्ट लहान नाही. त्यापूर्वीही मल्याळी चित्रपट अमेरिकेत गेला होता. प्रियदर्शन यांच्या १९९० सालच्या ‘अक्करे अक्करे अक्करे’ या चित्रपटात केरळचे लाडके नट अमेरिकेत उतरतात, गोंधळ घालतात आणि प्रेक्षकांना ते नवे जग दाखवितात. तेथे परदेश हा देखावा होता. ‘अक्कर काळ्चकळ’मध्ये तो पत्ता आहे; तेथे घराचे हप्ते भरावे लागतात, मुलांची भाषा दिवसेंदिवस परकी होत जाते आणि म्हातारा बाप दिवसभर खिडकीशी बसून राहतो. याच मंडळींनी हेच कुटुंब पुढे मोठ्या पडद्यावर नेले, तेव्हा स्थलांतरिताची कथा सांगण्याचा अधिकार काही अंशी स्थलांतरिताकडेच आला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

मालिकेतील हसू प्रामुख्याने जॉर्जवर बेतलेले आहे. तो मोठमोठ्या योजना आखतो, आपल्याच लोकांत गिऱ्हाइके शोधतो, मानपानासाठी धडपडतो आणि बहुतेक वेळा तोंडघशी पडतो. त्याच्या धंद्याचे चढउतार पाहताना प्रेक्षक मनसोक्त हसतात. पण एक साधा प्रश्न क्वचितच विचारला जातो: जॉर्जची योजना फसली तरी दुसऱ्या दिवशी त्या घरात चूल का पेटते? ती पेटते, कारण रिन्सी कामावर जाते. रुग्णालयातील तिचा पगार नियमित आहे, जॉर्जचा अडत्या-दलालीचा मिळकतीचा मार्ग अनियमित आहे. संपूर्ण प्रहसनाचा खर्च तिच्या श्रमातून निघतो. विनोदाच्या झोतात मात्र तो उभा आहे आणि ती बहुधा प्रकाशाच्या कडेला आहे. नवऱ्याला बोल लावणारी बायको या जुन्या साच्यात तिला बसविले की हशा पिकतो. कमावती कामगार म्हणून तिच्याकडे पाहिले की तोच हशा विचार करायला लावतो.

हे एका काल्पनिक घरापुरते नाही. अमेरिकेने १९६५ साली स्थलांतराचा कायदा बदलला, वंशाधारित कोटा रद्द केला, आणि हव्या असलेल्या कौशल्यांबरोबर कुटुंबीयांनाही वाट मोकळी केली. तेथील रुग्णालयांना परिचारिकांची निकड होती. केरळात, विशेषतः मध्यम व गरीब ख्रिस्ती कुटुंबांत, मुलींना परिचारिकेचे शिक्षण देण्याची प्रथा रुजली होती. परक्यांच्या देहाला स्पर्श करावा लागतो म्हणून ज्या कामाकडे प्रतिष्ठित समाज नाक मुरडून पाहत असे, त्याच कामाने अमेरिकेचे दार उघडले. बायको आधी गेली, नवरा मागून गेला. समाजशास्त्रज्ञ शीबा जॉर्ज यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या कुटुंबांचा अभ्यास मांडला आहे. मागून आलेल्या नवऱ्यांची नोकरीतील व समाजातील पत घसरली आणि गमावलेला मान त्यांनी चर्चच्या कारभारात, पुढारपणात शोधला, हे त्यांच्या अभ्यासाचे एक महत्त्वाचे निरीक्षण आहे. जॉर्जच्या मानपानाच्या हव्यासाचे मूळ येथे सापडते. अर्थार्जनातील क्रम उलटला, पण कुटुंबातील अधिकाराची कल्पना जुनीच राहिली; त्या दोहोंच्या फटीत हा सारा विनोद जन्माला येतो.

याहून मूलभूत असा आणखी एक मुद्दा आहे. कौटुंबिक प्रहसनाला दिवाणखाना लागतो. नवरा, बायको, मुले आणि आजोबा एका छताखाली असावे लागतात, तरच ते एकमेकांवर चिडतील आणि प्रेक्षक हसतील. केरळच्या बहुसंख्य स्थलांतरितांना हा दिवाणखानाच लाभलेला नाही. केरळातून परदेशी गेलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जण आखाती देशांत गेले, असे तिरुवनंतपुरमच्या विकास अध्ययन केंद्राची सर्वेक्षणे वर्षानुवर्षे सांगत आली. तेथे ठरावीक पगाराखालच्या कामगाराला कुटुंब आणता येत नाही. त्याचा परवाना मालकाशी बांधलेला असतो आणि नागरिकत्वाची आशा जवळजवळ नसते. म्हणून आखातातील कामगाराची कथा विरहाची झाली. २०१५ सालच्या ‘पत्तेमारी’मध्ये मम्मुट्टी यांनी रंगविलेला नायक आयुष्यभर पैसे पाठवितो आणि स्वतःच्या घरात पाहुणा ठरतो. २०२४ सालचा ‘आडुजीवितम्’ तर वाळवंटातील गुलामगिरीची कथा सांगतो. त्याच वर्षी जून महिन्यात कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या निवासी इमारतीला आग लागून ४५ भारतीय मृत्युमुखी पडले. त्यांत केरळचे सर्वाधिक होते. दाटीवाटीने खाटा मांडलेल्या त्या खोल्यांतून प्रहसन निर्माण होणे शक्य नव्हते. कोणाच्या वाट्याला विनोद यावा आणि कोणाच्या वाट्याला शोकान्तिका, हेदेखील परवान्याचा कायदा आणि मजुरीचा दर ठरवितो.

यावर कोणी म्हणेल की, असे असेल तर न्यू जर्सीतील सुखवस्तू कुटुंबाच्या किरकोळ दुःखांना डाव्या विचाराच्या माणसाने किती महत्त्व द्यावे? आक्षेप वजनदार आहे. पण कैरळी वाहिनीचा इतिहास येथे ध्यानात घ्यावा लागतो. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या पुढाकाराने, सामान्य माणसांकडून भागभांडवल गोळा करून, ही वाहिनी २००० साली सुरू झाली. त्या वाहिनीवरून परदेशस्थ मध्यमवर्गाची ही मालिका लोकप्रिय झाली, यात विसंगती शोधण्यापेक्षा एक वस्तुस्थिती ओळखणे अधिक उपयुक्त ठरेल. केरळातील कामगार आणि परदेशातील सुखवस्तू मल्याळी यांच्यात भिंत नाही. पुष्कळदा ती एकाच घरातील भावंडे असतात. एक बहीण न्यू जर्सीत, एक भाऊ दोहा किंवा रियाधमध्ये आणि धाकटी कोट्टयमच्या एखाद्या खासगी रुग्णालयात अल्प वेतनावर, हे चित्र तेथे अपरिचित नाही. मालिकेने यांपैकी एकाच घराचे दार उघडले. बाकीची दारे उघडण्याचे काम तिचे नव्हते. ते चळवळीचे होते.

ते काम किती झाले? चित्रपट निघाला त्याच २०११ साली मुंबईतील एका खासगी रुग्णालयात काम करणाऱ्या तरुण मल्याळी परिचारिकेने आत्महत्या केली. नोकरी सोडायची तर बंधपत्राची रक्कम भरा, तोवर मूळ प्रमाणपत्रे मिळणार नाहीत, या जाचाविरुद्ध तिच्या सहकारी रस्त्यावर आल्या. असंतोषाचे लोण दिल्लीत आणि केरळात पोचले. त्याच वर्षी केरळात परिचारिकांची ‘युनायटेड नर्सेस असोसिएशन’ ही स्वतंत्र संघटना स्थापन झाली आणि तिने खासगी रुग्णालयांत संपामागून संप केले. ही संघटना प्रस्थापित पक्षांच्या कामगार संघटनांबाहेर उभी राहिली, हे विसरता कामा नये. अखेर २०१८ साली केरळ शासनाने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांचे किमान वेतन दरमहा २०,००० रुपये ठरविले. रिन्सी अमेरिकेला का गेली, याचे उत्तर पैलतीराच्या हिरवळीत जितके आहे, तितकेच ऐलतीरावरच्या या बंधपत्रांत आणि पगारपत्रकांत आहे.

येथे हिशेबाचा प्रश्न उद्भवतो. परिचारिका घडते ती सार्वजनिक शाळांच्या, आरोग्य केंद्रांच्या आणि स्वस्त धान्याच्या आधारावर. पुढच्या शिक्षणासाठी तिचे कुटुंब कर्ज काढते. तयार झालेली कामगार मात्र परदेशी रुग्णालयाला आयती मिळते. तिच्या घडणीतला एक छदामही त्या मालकाने भरलेला नसतो. १९७० च्या दशकात जगदीश भगवती यांनी अशा स्थलांतरितांच्या उत्पन्नावर जादा कर बसवून तो मूळ देशांच्या विकासासाठी वापरावा, अशी कल्पना मांडली होती. त्या कल्पनेमागील न्यायबुद्धी मान्य केली तरी तिचा भार अखेर रिन्सीच्याच पगारावर पडतो. लाभ घेणारे रुग्णालय मोकळेच राहते. देणे कोणाकडून यावयाचे, हा प्रश्न सुटत नाही.

केरळने तो प्रश्न पाठवलेल्या पैशाच्या आनंदात मागे ढकलला. २०२३ च्या स्थलांतर सर्वेक्षणानुसार सुमारे २२ लाख केरळीय परदेशात होते आणि वर्षाकाठी सुमारे २ लाख १७ हजार कोटी रुपये येत होते. स्थलांतरितांतील स्त्रियांचे प्रमाण २०१८ मधील १५.८ टक्क्यांवरून १९.१ टक्क्यांवर गेले. राज्याने १९९६ साली अनिवासी केरळीयांसाठी स्वतंत्र खाते काढले, २०१८ साली ‘लोक केरळ सभा’ भरविली. ही पावले स्वागतार्ह आहेत. तरी या व्यवस्थांच्या व्यासपीठावर परदेशस्थ माणूस मुख्यतः गुंतवणूकदार आणि दाता म्हणून सन्मानित होतो. रात्रपाळी करणारी कामगार म्हणून रिन्सीला तेथे किती स्थान आहे, याची चौकशी समाजवाद्यांनी करावयास हवी.

‘अक्कर काळ्चकळ’कडून क्रांतीची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. तिने आपले काम चोख केले: मोठेपणाचा आव आणणाऱ्या माणसाला हसता हसता त्याच्याविषयी माया वाटावी, इतकी ती मोकळ्या मनाची आहे. कार्यकर्त्यांनी ती मालिका आणि तो चित्रपट जरूर पाहावा आणि मनमुराद हसावे. मात्र जॉर्ज दिवाणखान्यात नवी योजना सांगू लागला की रिन्सी कोठे आहे, हे शोधावे. ती बहुधा कामावर निघालेली असेल. परिचारिकांचे बंधपत्र, त्यांचे वेतन, परदेशातील त्यांचे करार आणि आखातातील कामगाराचा कुटुंबासह राहण्याचा हक्क, ही मागण्यांची यादी तिच्यामागून जाणाऱ्यालाच सापडेल.