राजप्रतिमा आणि ताम्रपत्रावरील रेषा

चौदाव्या लुईच्या प्रतिमेविषयी लिहिताना अभ्यासक बहुधा यासँत रिगो याच्या १७०१ मधील भव्य तैलचित्रापाशी येऊन थांबतात. वस्तुतः ते चित्र पाहण्याचे भाग्य राजवाड्यात प्रवेश असणाऱ्यांचे. इतरांच्या हाती राजाची जी मुद्रा पडली, ती नाण्यांखेरीज प्रायः तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या कागदाची होय. या मुद्राचित्रांना केवळ 'प्रतिकृती' म्हणून दुय्यम लेखण्याची रूढी मात्र अद्याप सुटलेली नाही.

ही रूढी तंत्राच्या अज्ञानावर उभी आहे. पोलादी कोरणी तळहाताच्या जोराने पुढे ढकलली जाते. वळण घ्यावयाचे तर चामड्याच्या उशीवर ठेवलेला पत्राच फिरवावा लागतो. दाब वाढला की चर खोल होते आणि छापात रेषा फुगते. दाब सैलावला की ती निमुळती होते. शिवाय छाप उलटा उमटत असल्यामुळे डावे ते उजवे कोरावे लागते. कलावंताच्या हाती रंग नाहीच. निळी मखमल, पांढरी लव असलेले कातडे, वृद्ध राजाची सैल त्वचा हे सारे रेषांचे अंतर आणि जाडी यांतून सांगावयाचे. पिएर द्रव्हे याने रिगोचे चित्र ताम्रपत्रावर आणले तेव्हा त्याने नेमके हेच केले. याला नक्कल म्हणणे म्हणजे भाषांतराला हस्तलिखिताची प्रत म्हणण्यासारखे आहे.

रोबेर नांतय (१६२३–१६७८) याच्या बाबतीत तर 'प्रतिकृती' हा शब्द अधिकच लटका पडतो. अनेकदा तो राजाला समोर बसवून स्वतःच चित्र रेखाटी आणि मग ते कोरी. तेथे मूळही त्याचे आणि रूपांतरही त्याचेच. चेहऱ्यासाठी तो आखूड रेघा व ठिपके वापरतो. केस आणि चिलखत यांसाठी लांब, वाहत्या रेषा. त्याचा ज्येष्ठ समकालीन क्लोद मेलां आडव्या-उभ्या रेषांचे जाळे टाळी. १६४९ मध्ये त्याने ख्रिस्ताचा मुखवटा नाकाच्या शेंड्यापासून निघालेल्या एकाच चक्राकार रेषेत साकारला. त्यात थोडा कसरतीचा भाग आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. राजप्रतिमेला अधिक उपयोगी ठरली ती नांतयची संयत रीत.

राजसत्तेला या कलेचे मोल उमगले होते. खोदकारांना कारागिरांच्या श्रेणीबंधनात बसविण्याचा प्रस्ताव आला तेव्हा १६६० मध्ये सँ-झाँ-द-ल्यूझ येथील राजाज्ञेने तो फेटाळला व खोदकाम ही कर्त्याच्या प्रतिभेवर अवलंबून असलेली मुक्त कला मानली. यात राजाचा स्वार्थ नव्हता असे नाही. ज्यांच्या हातून त्याची मुद्रा दूरवर जावयाची, त्यांना प्रतिष्ठा देणे त्याच्या सोयीचेच होते.

रूपांतरकाराला इतका मान वाङ्मयक्षेत्रात क्वचितच लाभला. चित्रावरून कोरलेल्या अशा मुद्राचित्रांच्या तळाशी एका बाजूस 'पिंक्सिट' या लॅटिन शब्दासह चित्रकाराचे आणि दुसऱ्या बाजूस 'स्कुल्प्सिट' या शब्दासह खोदकाराचे नाव सारख्याच अक्षरांत आढळते. आपल्याकडील कित्येक भाषांतरित ग्रंथांच्या मुखपृष्ठावर भाषांतरकाराचे नाव शोधूनही सापडत नाही. आणि आजच्या इतिहासग्रंथांत ही मुद्राचित्रे पुनर्मुद्रित होतात तेव्हा पुष्कळदा नेमका तळाचा समासच कापलेला असतो. संपादकांनी निदान तो राखावा.