खांबावरची कोळीण

ठाण्यात सुशोभीकरणाची लाट आली की भिंती आणि उड्डाणपुलांचे खांब रंगू लागतात. रोहित पक्षी, होडी, डोईवर पाटी घेतलेली कोळीण. हात चांगले असतात, चित्रेही बरी उतरतात. ज्यांची चित्रे काढली त्यांना मात्र कुणी काही विचारत नाही.

  

ठाण्याच्याच चेंदणी कोळीवाड्यातले शिल्पकार पराग तांडेल यांचे काम या रंगरंगोटीच्या शेजारी ठेवून पाहावे. खाडीतून नाहीसे होत चाललेल्या जिवांचे आकार त्यांच्या शिल्पांतून येतात. कादंबरी कोळी यांच्यासह चालवलेल्या ‘तांडेल फंड ऑफ आर्काइव्हज’मधून ते कोळ्यांच्या आठवणी, वस्तू, खाणेपिणे जमवतात. इथे कोळी हा चित्राचा विषय नाही, सांगणारा तोच आहे.

आणि सांगण्यासारखे पुष्कळ आहे. १८५३ मध्ये आगगाडी ठाण्याला आली, पुढच्याच वर्षी खाडी ओलांडून कल्याणला गेली. रुळांनी चेंदणीचे पूर्व-पश्चिम असे दोन तुकडे केले. मग ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, शहर फुगले, नाले खाडीत रिकामे होऊ लागले. निवटी, चिंबोरी, कोळंबी यांवर चालणारी घरे नोकरीला लागली. २०१५ मध्ये खाडीत रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाले, २०२२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, म्हणजे रामसरचा दर्जा मिळाला. आनंदच आहे. पण ज्या शेवाळासाठी रोहित येतात ते आपल्या सांडपाण्यावर पोसले जाते, असे अभ्यासक सांगतात. त्याच सांडपाण्याने मासळी घालवली. पक्ष्यांच्या हद्दी नकाशावर आल्या, कोळीवाड्यांच्या सीमांकनाची मागणी वर्षानुवर्षे रेंगाळली.

हे सगळे खांबावरच्या कोळिणीला बोलता येत नाही, म्हणूनच बहुधा ती प्रशासनाला आवडते.

महापालिकेने पुढचे रंगकामाचे टेंडर काढण्याआधी चेंदणीत येऊन बसावे, कोळी काय सांगतात ते ऐकावे. आणि एखाद्या वर्षीचा रंगाचा पैसा नाल्यांचे पाणी शुद्ध करून मगच खाडीत सोडण्यासाठी वापरावा.