आयटीआयच्या मुलांसाठी आठवड्याला दोन तास द्या

उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावमधील कारखानदार, कामगार व निवृत्त शिक्षकांना जाहीर आवाहन



व्हर्नियर कॅलिपरच्या मुख्य पट्टीवर २४ मिलिमीटर आणि व्हर्नियरची सतरावी रेघ जुळलेली. लीस्ट काउंट ०.०२, म्हणजे माप २४.३४. आयटीआयला नव्याने आलेली काही मुलं हेच माप २४.१७ वाचतात. जॉब २४.२० चा हवा असेल, तर अजून ०.१४ काढायचं बाकी असताना ‘अंडरसाइज गेला’ म्हणून चांगला जॉब भंगारात पडतो.

हात चुकलेला नसतो. दशांश अपूर्णांक कच्चा असतो, आणि तो शाळेपासूनच कच्चा राहिलेला असतो. त्यात घरचं बोलणं : ‘गणित जमत नाही, मग टाका आयटीआयला.’ असं ऐकून आलेला मुलगा फळ्यावर त्रिकोणमिती दिसली की मागचा बाक धरतो. मराठी शाळेतून आलेल्यांना टेपर, टॉलरन्स हे शब्दही नवे. शिवाय ‘वर्कशॉप कॅल्क्युलेशन’ शिकायचं वर्गात आणि लेथ चालवायचा शेडमध्ये. दोन्हींची गाठ घालून देणारं कुणी भेटलं नाही, तर सूत्रं वहीतच राहतात.

खरं तर टर्नरला गणित मशीनवरच पटतं. माइल्ड स्टीलचा ४० मिलिमीटर व्यासाचा बार आणि कटिंग स्पीड मिनिटाला ३० मीटर. ३० ला १००० ने गुणा, पाय गुणिले व्यासाने भागा. आरपीएम आले सुमारे २४०. त्याच्या जवळचा स्पीड लावून चिप कशी निघते हे एकदा पाहिलं, की सूत्र घोकावं लागत नाही.

हे हिशेब तोंडी करणारी माणसं आपल्या भागात गल्लोगल्ली आहेत. म्हणून विनंती :

• अनुभवी टर्नर-फिटरांनी जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांना भेटून आठवड्याला दोन तास निर्देशकांच्या जोडीला उभं राहावं.

• निवृत्त शिक्षकांनी अपूर्णांक, दशांश, गुणोत्तर आणि एककं पुन्हा पहिल्यापासून घ्यावीत. मुलांचा वर्गात पाणउतारा न करता.

• कारखानदारांनी जुनी ड्रॉइंग आणि रिजेक्ट जॉब सरावासाठी द्यावेत. शिकाऊ उमेदवाराला झाडलोटीला न जुंपता मापं घ्यायला आणि हिशेब मांडायला लावावं.

• पालकांनी मुलामुलींना ‘ढ’ म्हणणं आजपासून बंद करावं.

सत्र सुरू होताच, पहिल्या महिन्यातच या. परीक्षेच्या तोंडावर आलात, तर मुलांकडून पाठांतरच होईल.

आपले नम्र,
आयटीआयचे काही माजी प्रशिक्षणार्थी, कोल्हापूर