नुसता क्लच बदलून भागत नाही

संपादक महाशय,


जुन्या जीपमध्ये टर्बो इंजिन बसवताना मूळ गिअरबॉक्स तसाच ठेवा, फक्त क्लच भारी घाला, असा सल्ला गेल्या अंकातील पत्रात आहे. देगलुरात वीस वर्षं गिअरबॉक्स उघडतो, म्हणून लिहितो.

पत्रलेखक अश्वशक्तीवर बोट ठेवतात. एमएम 540 जीपचं 2112 सीसीचं प्यूजो इंजिन 62 अश्वशक्तीचं आणि बोलेरोचं जुनं 2523 सीसी टर्बो 63 चं, मग फरक कुठं, असं त्यांना वाटतं. फरक टॉर्कमध्ये आहे. टर्बो दीड हजार फेऱ्यांच्या आसपासच जो पीळ देतं, तो सगळा दातांवर येतो. पूर्वी क्लच घसरायचा अन् गिअर वाचायचे. भारी क्लच घातला की ती सोयही गेली.

मागच्या पावसाळ्यात उदगीर रोडवरची अशीच एक जीप आली. तिसऱ्या गिअरला कर्कश आवाज. नट सोडला तर तेल चंदेरी, बोटांत चुरा. लेशाफ्टचे तीन दात अर्धे उडालेले. मालकानं इंजिनाला पैसे जमवले होते, गिअरबॉक्सला एक रुपया उरला नव्हता.

आणि कायद्याचं काय? गाडीत बदल करण्याबद्दलचं मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 पत्रात कुठंच नाही. नोंदणीत एक इंजिन अन् बॉनेटखाली दुसरं, तर अपघातानंतर विम्यासाठी कुणाच्या दारात जायचं?

बसवायचंच असेल तर इंजिन त्याच्या जोडीच्या गिअरबॉक्ससकट घ्या, आधी आरटीओची परवानगी काढा.

आपला,
एक मेकॅनिक, देगलूर