बियाणे सुधारले, तळे कोणाचे?

मावळातल्या माणसाला सुधारित बियाण्याचे महत्त्व कोणी शिकवायला नको. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर-१५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून 'इंद्रायणी' हे वाण तयार केले. १९८७ साली ते शेतकऱ्यांच्या हाती आले आणि बघता बघता या तांदळाचे नाव पुण्या-मुंबईच्या ताटापर्यंत जाऊन पोहोचले. हे मोठेच काम झाले. ते नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. पण या इंद्रायणीने भले कोणाचे केले? ज्याच्याकडे भातखाचर होते त्याचे! गुडघाभर चिखलात वाकून जिने लावणी केली ती आमची मायबहीण १९८७ च्या आधीही रोजाने जात होती आणि नंतरही रोजानेच गेली. बियाणे बदलले, सातबारा बदलला नाही.

आज हे आठवण्याचे कारण असे की, जे भाताचे झाले तेच आता तळ्यातल्या माशाचे होऊ घातले आहे.

भुवनेश्वर येथील गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धनाच्या केंद्रीय संशोधन संस्थेने नॉर्वेतील तज्ज्ञांच्या मदतीने १९९२ साली रोहू माशावर काम सुरू केले. त्यातून निघालेल्या सुधारित रोहूला स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाचे निमित्त साधून १९९७ साली 'जयंती' असे नाव देण्यात आले. पुढे कटल्यावरही तेथे असेच काम झाले. यात जादू नाही आणि प्रयोगशाळेत जनुके कापून जोडण्याचा प्रकारही नाही. एकेका जोडीची पिले वेगळी वाढवायची, त्यांना खुणा करायच्या, कोणते कुटुंब जोमाने वाढते ते मोजायचे, त्यातले उत्तम मासे पुढच्या पिढीसाठी ठेवायचे आणि हे पिढ्यान् पिढ्या करत राहायचे. दर पिढीला वाढीत सरासरी १७ टक्क्यांच्या आसपास भर पडत गेली, असे या संस्थेचे आकडे सांगतात. ज्याचे तळे लहान, ज्याचे पाणी मे महिन्यापर्यंत टिकत नाही, त्याला लवकर विक्रीच्या वजनाला येणाऱ्या माशाची किंमत बागायतदारापेक्षा जास्त कळते.

या कामाची सुरुवात कशी झाली हे आमच्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे. शास्त्रज्ञांनी गंगा, यमुना, ब्रह्मपुत्रा, सतलज आणि गोमती या पाच नद्यांतला रोहू आणला, त्याला बीज केंद्रातल्या रोहूची जोड दिली आणि त्यांचा आपापसांत संकर केला. आधी सरमिसळ, मग निवड! याउलट खाजगी बीज केंद्रांत वर्षानुवर्षे त्याच चार नर-माद्या वापरल्या जातात, भावंडांचीच जोडी लागते आणि पिलांची वाढ खुंटते. कर्नाटकातल्या बीज केंद्रांच्या अभ्यासातून १९९० सालीच हा धोका पुढे आला होता. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलना'त जातिव्यवस्थेच्या समर्थकांचा वंशशुद्धीचा दावा शास्त्राच्याच कसोटीवर मोडून काढला होता. माणूस म्हणजे मासा नव्हे आणि माशावरून माणसाचे नियम काढण्याचा गाढवपणा आम्ही करणार नाही. पण रक्ताच्या शुद्धतेची टिमकी वाजवणाऱ्यांना तळ्यातला रोहूसुद्धा साथ देत नाही, एवढे मात्र नमूद करून ठेवतो!

असो. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या तळ्यात आपण होऊन वीण घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातली वाहती नदी लागते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या माशांचे प्रजनन यशस्वी केले, तेव्हा कुठे बीज केंद्रांचा मार्ग मोकळा झाला. म्हणजे तळेवाल्याला दरसाल बोटुकली विकतच घ्यावी लागते. बोटाएवढ्या पिलाकडे बघून ते जयंतीचे की गल्लीतल्या केंद्राचे, हे भल्याभल्याला ओळखता येत नाही. भाताच्या पिशवीवर निदान खूणचिठ्ठी असते, ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीवर काय असते? बीज कोणत्या केंद्राचे, कोणत्या पिढीचे, याची लेखी पावती देण्याची सक्ती झाल्याशिवाय सुधारित बियाण्याचा गाजावाजा म्हणजे दलालाला दिलेला परवाना ठरेल.

मावळात मत्स्यप्रजननाचे ज्ञान नाही असे कोणी म्हणू नये. लोणावळ्याच्या वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महाशीर या कार्प कुळातल्याच माशाची कृत्रिम पैदास होत आली. तिथली पिले देशभर गेली. त्यातला एक धडाही विसरण्याजोगा नाही. हा दख्खनी महाशीर कावेरीत सोडला गेला आणि पुढे तिथल्या स्थानिक, मोठ्या कुबडाच्या महाशीरवर संकट आले, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. तेव्हा जयंती रोहू तळ्यातच राहावा, इंद्रायणी-पवनेत सोडण्याचे फोटो काढण्यासाठी नव्हे!

ज्ञान आहे, पाणी तर उदंड आहे. वळवण, लोणावळा, शिरवता, ठोकरवाडी ही धरणे टाटांनी शंभर वर्षांपूर्वी बांधली आणि घाटावरचे पाणी खोपोली-भिवपुरीला उतरवून मुंबईला वीज दिली. पवनेचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती महामार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि तीन शेतकरी बळी गेले. मावळात पाणी कोणाचे, हा प्रश्न रक्ताने लिहिला गेला आहे. पण ज्यांच्याकडे जमीनच नाही त्यांचा पाण्यावरचा हक्क या भांडणात सुद्धा कोणी मांडला नाही.

इथेच खरी मेख आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अनुसूचित जाती, जमाती आणि महिलांना ६० टक्के अनुदान ठेवले आहे, इतरांना ४० टक्के. ऐकायला किती गोड! नव्या तळ्याचा खर्च हेक्टरी ७ लाख धरला, तर ४ लाख २० हजार सरकारचे आणि २ लाख ८० हजार आमचे. शिवाय तळे खोदायला जमीन आमची किंवा नोंदणीकृत, दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याची हवी. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' आले, त्यात अट होती किमान ०.६० हेक्टर जमिनीची. 'मागेल त्याला' म्हणायचे आणि दीड एकर असेल त्यालाच द्यायचे! ज्या योजनेला खुद्द बाबासाहेबांचे नाव दिले, त्या कृषी स्वावलंबन योजनेतही नव्या विहिरीला ०.४० हेक्टर आणि इतर बाबींना ०.२० हेक्टर जमीन लागते. भूमिहीनाने स्वावलंबी व्हायचे ते कशावर?

आमची जमीन गेली कुठे, हे विचारणाऱ्यांना १९५८ च्या कनिष्ठ ग्राम वतने निर्मूलन कायद्याची आठवण द्यावी लागेल. वतनाची गुलामी संपली हे योग्यच झाले, बाबासाहेब त्यासाठीच लढले. पण फेरमंजुरीचे पैसे ज्यांच्या गाठीला नव्हते त्यांच्या हातून हाडकीचे तुकडेही निसटले. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली भूमिहीनांसाठी तुरुंग भरले. त्यांच्या नावाच्या २००४ च्या योजनेत चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन द्यायचे ठरले. लोणावळ्याच्या आसपास जिथे गुंठ्यागुंठ्यावर बंगले उभे राहिले, तिथे सरकारी भावाने दोन एकर विकायला कोण पुढे येणार?

म्हणून आमची मागणी सरळ आहे. जमीन मिळेपर्यंत पाणी द्या. गावतळी, पाझर तलाव आणि लहान बंधारे ग्रामपंचायत, जिल्हा परिषद किंवा शासनाच्या मालकीचे आहेत, कोणाच्या वाडवडिलांचे नाहीत. ते भूमिहीन बौद्ध, मातंग, चर्मकार आणि कातकरी कुटुंबांच्या बचत गटांना निदान दहा वर्षांच्या मुदतीने द्या. एका वर्षाच्या ठेक्यावर कोणी शहाणा माणूस सुधारित बीज टाकणार नाही. इथे भोई आणि कोळी बांधवांशी आमचे भांडण लावण्याचा डाव पडेल. त्यांच्या सहकारी संस्थांच्या नावाने ठेका घेऊन मलिदा खाणारे वेगळेच असतात, हे ते आमच्याइतकेच जाणतात. त्यांच्या संस्थांकडचे जलाशय त्यांच्याकडेच राहोत. आम्ही मागतो ती ओस पडलेली, गाळाने भरलेली लहान तळी.

काही कार्यकर्ते विचारतील, बाबासाहेबांनी शिकून शहरात जा म्हटले आणि तुम्ही पोरांना जाळे देता काय? आम्ही पोरांना शाळेतून काढा म्हणत नाही. ३० मीटर लांब-रुंद तळे म्हणजे नऊ गुंठे पाणी. त्यात साडेचारशे बोटुकली सोडली, भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड वेळेवर पडली, तर वर्षाला दोन-सव्वादोनशे किलो मासा निघू शकतो. घरच्या लेकरांच्या ताटात तो पडतो आणि कॉलेजची फी भरायला आई कोणाच्या दारात जात नाही. जातीने लादलेला धंदा आणि हक्काच्या पाण्यावर हिशेबाने केलेला धंदा यांत फरक आहे.

महाड तालुक्यात वाळण कोंडीच्या डोहातले महाशीर देवीचे मासे म्हणून जपले जातात, त्यांना कोणी हात लावत नाही. त्याच महाड तालुक्यात २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी प्यालेल्या माणसांची डोकी फोडली गेली. तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव होऊनही हायकोर्टाचा निकाल हाती यायला मार्च १९३७ उजाडला. त्या लढ्याने पाणी पिण्याचा हक्क दिला. पाण्यातल्या उत्पन्नाचा हक्क अजून कागदावर यायचा आहे.

मावळातल्या प्रत्येक बौद्ध वस्तीने हे एवढे करावे. गावातल्या तळ्यांची आणि पाझर तलावांची यादी ग्रामपंचायतीकडून लेखी मागावी, माहितीचा अधिकार त्यासाठीच आहे. ठेका कोणाच्या नावावर आहे आणि कधी संपतो, ते पाहावे. १ मेच्या ग्रामसभेत महिलांच्या गटाचा अर्ज टाकून त्याची पोच घ्यावी आणि ठराव इतिवृत्तात आला की नाही ते वाचून मगच उठावे. बोटुकली सोडण्याचा हंगाम जुलै-ऑगस्टचा. तोपर्यंत गाळ काढून तळे तयार हवे.