किनारा पायांनी बघावा

दिवाळी नाहीतर नाताळची सुट्टी जवळ आली की आमच्याकडे फोन सुरू होतात. "कोकणात कुठे जाऊ रे?" मूळ गाव तिकडचं असल्याने अख्ख्या नातेवाईकांत मी फुकटचा ट्रॅव्हल एजंट! पुढचे प्रश्न ठरलेले. खोलीतून समुद्र दिसतो का? गाडी थेट वाळूवर नेता येते का? आणि शेवटी, जरा दबक्या आवाजात, "तिथे मासळीचा वास नाही ना येत?"

तर मंडळी, माझं मत एकदाच लिहून टाकतो. पुढच्या वेळी हेच वाचायला पाठवेन.

कोकणचा किनारा ही काचेतून बघायची वस्तू नाही. हर्णै ते हेदवी एवढाच पट्टा घ्या. लांबलचक पुळणी सगळ्यांनाच माहीत असतात. खरी गंमत आहे ती त्यांच्या मधल्या जागांत. जांभ्याचा सडा समुद्रात घुसतो, त्याच्या कुशीत इवलीशी पुळण, ओढून ठेवलेल्या होड्या, चार घरं आणि एक देऊळ. पालशेतजवळचं बुधल असंच. अशा वाडीत पाखाडीच्या पायऱ्या उतरत जावं. वळण संपतं आणि समुद्र एकदम पुढ्यात येतो. गाडीच्या खिडकीत तो असा कधीच येत नाही.

अर्थात चालायचं ते समुद्राच्या वेळापत्रकाने. आपल्याकडचा जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी, नऊला, ओहोटी. म्हणजे त्या दिवशी खडपांवर फिरायला सकाळी आठला निघावं आणि पाणी चढू लागलं की निमूटपणे परतावं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर जास्तच जपून. हेदवीची बामणघळ मात्र भरतीलाच बघायची. खडकाच्या चिंचोळ्या भेगेत लाट घुसते आणि पाणी उंच उसळतं. भलत्या वेळी गेलात तर नुसती भेग दिसेल आणि "यात काय एवढं?" म्हणून परत याल.

आता गाडीचं. वाळूवर गाडी फिरवण्यात कसला पुरुषार्थ आहे, देव जाणे. चाकं रुततात, मग गावातलीच पोरं येऊन ढकलतात, तेवढी करमणूक. पण याच किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात. ती उबायला दीड-दोन महिने लागतात. वेळासला 2002 पासून गावकरी आणि निसर्गप्रेमी ही अंडी राखताहेत. त्या वाळूवर आपण टायरने नक्षी काढायची?

आणि वास! अहो, मासेमारांच्या गावात मासळीचा वास येणार नाही तर काय अत्तराचा येणार? संध्याकाळी हर्णैचा लिलाव गाजत असतो तेव्हा 'छान फोटो' म्हणून मध्ये शिरणारे आपण, सकाळी बोंबील वाळताना दिसले की नाक दाबतो. ज्या मोकळ्या जागेत मासळी वाळते, जाळी दुरुस्त होतात, जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या वर ओढून ठेवतात, तीच जागा आपल्याला 'सी-व्ह्यू' म्हणून हवी असते. 1991 च्या किनारा नियमन अधिसूचनेने खेड्यांत भरतीरेषेपासून 200 मीटरचा पट्टा बांधकामापासून राखला होता. 2019 च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांपुरता तो 50 मीटरवर आला. कागदावर ही रिकामी जमीन, पण ते कोळणींचं अंगण आहे. तिथे कुंपण पडलं की मासळी वाळवायची कुठे? मग वास आपोआप जाईल, आणि त्याच्यामागून गावही.

पर्यटन नकोच, असं मी मुळीच म्हणत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात पोफळी आणि नारळ आडवे झाले. नवी बाग धरायला कैक वर्षं जातात. तोवर घरी उतरणारा पाहुणा हा मोठाच आधार. प्रश्न फक्त एवढाच, की आपण पाहुणे म्हणून जातो की गिऱ्हाईक म्हणून. पाहुणा घरच्यांच्या वेळेने जेवतो, विचारून फोटो काढतो, अंगणातली वाळवण तुडवत नाही.

तेव्हा यंदा जाल तेव्हा गाडी गावाबाहेर लावा, पंचांगात तिथी बघा आणि चालू लागा. मावशींकडून थोडी सुकट घ्या, घासाघीस न करता. घरी परतताना डिकीत वास येईल. येऊ दे की!